पाठमोऱ्या बाहुल्या

जानेवारीतल्या एका सकाळी रेवणप्पांची कलपाची बाटली नाहीशी झाली. युसूफ वडगावच्या बाजारगल्लीत ही गोष्ट लहान नव्हती. रेवणप्पांचं किराणा दुकान तीन पिढ्यांचं, आणि दर पंधरवड्याला नव्याने काळे होणारे त्यांचे केस दुकानाइतकेच प्रतिष्ठित. त्यात मागच्या साली त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात काचेची खोली करून एसटीडीचा फोन बसवला होता. वर पिवळी पाटी, खाली शाम्पूच्या पुड्यांची तोरणं, आणि मधोमध कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले रेवणप्पा. ज्या माणसाच्या दुकानातून पुण्याला बोलता येतं त्याचे केस पांढरे दिसणं बरं नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं.

"अगं, माझी बाटली बघितली का?"

"कोणती?" आतून शांतादेवींचा आवाज आला.

"कोनती म्हंजे? काळी."

"ती संपली."

"परवाच उघडली की! माझ्या डोस्क्याला अजून बोट लागलं न्हाई. संपली कशी?"

"सहा जणांना लावली."

ते सहा जण ओसरीवर वर्तमानपत्राच्या कागदावर उन्हात वाळत पडले होते. आई, बाप, आजी, दोन लेकरं आणि एक तान्हं. वीतभर उंचीच्या, प्लास्टिकच्या, परदेशातून आलेल्या बाहुल्या. कालपर्यंत त्यांचे केस मक्याच्या कणसातल्या झिपऱ्यांसारखे पिवळे होते. आता ते रेवणप्पांसारखे काळेभोर झाले होते. आजीच्या केसांत शांतादेवींनी थोडी रांगोळी चोळली होती, कारण सगळंच खोटं बरं दिसत नाही. निळे डोळे तेवढे बॉलपेननं काळे करायचे राहिले होते.

"मास्तरीणबाई," रेवणप्पा त्या वाळवणाकडे बघत म्हणाले, "मी कलप लावला की हसता. आन् ह्यांला?"

"ह्या पाहणीच्या बाहुल्या आहेत. वडगावातल्या पोरांना ह्या आपल्या वाटल्या पाहिजेत."

"मंग म्यापन वडगावातल्या गिऱ्हाइकांला आपला वाटाया नको का?"

 शांतादेवींनी बाहुल्या उलट्या केल्या, म्हणजे मागची बाजू वाळेल.

शांतादेवी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांनी हाती घेतलेलं काम अर्ध्यात सोडल्याची नोंद नाही. वर्गाला पंखा मिळावा म्हणून त्यांनी पंचायत समितीकडे सदतीस अर्ज केले. अडतिसाव्या अर्जाला पंखा आला, पण वर्गात वीज नव्हती. पंखा घेऊन आलेला शिपाई हसला. बाईंनी त्याच्याच पाठीवर कागद ठेवून एकोणचाळिसावा अर्ज लिहिला.

आता हाती घेतलेलं काम मात्र पंख्याहून अवघड होतं. दरसाल दिवाळीच्या सुमाराला त्यांचा निम्मा वर्ग पोरका होई. ट्रक यायचे आणि मुलांचे आईबाप ऊसतोडीला कारखान्यांवर जायचे, ते पार उन्हाळा लागल्यावर परतायचे. काही पोरं बरोबर जात, काही आजीआजोबांपाशी, चुलत्याकडे मागं राहत. अशा मागं राहिलेल्या पोरांच्या मनात आईबापाचा आधार किती पक्का आहे, ते तपासायचं काम पुण्याच्या एका संस्थेनं काढलं होतं. संस्थेच्या डॉक्टर प्रणिता मॅडम, वय तिशीच्या आत, चष्मा, आवाज मऊ. त्यांनी बीडला तीन दिवसांचं शिबिर घेऊन आठ शिक्षकांना ती पद्धत शिकवली, आणि आठांत बाई पहिल्या आल्या.

"आधार मोजायचा व्हय?" रेवणप्पांनी विचारलं होतं. "दुकानातला तराजू नेता का?"

तराजू लागत नव्हता. पद्धत अशी होती, की मुलाला एकट्याला बसवायचं, समोर बाहुल्यांचं घर मांडायचं आणि गोष्टीची नुसती सुरुवात सांगायची. लेकराच्या गुडघ्याला लागलं. लेकराच्या हातून दूध सांडलं. आईबाप दूर गावाला निघाले. आईबाप परत आले. मग म्हणायचं, "पुढे काय होतं, ते मला दाखव आणि सांग." मूल बाहुल्या हलवील, तसं लिहून घ्यायचं. बाहुलीनं काय केलं तेवढंच लिहायचं, आपलं मत घालायचं नाही. हे शेवटचं वाक्य मॅडमनी तीनदा सांगितलं आणि बाईंनी चारदा अधोरेखित केलं.

शाळेच्या सामानाच्या खोलीत, फाटका भारताचा नकाशा आणि मोडकी ढोलकी ह्यांच्या मधोमध, बाईंनी ते घर मांडलं. बाहुल्यांच्या घरात एक सोफा होता. पहिल्याच पोरानं आईबापाला त्यावर बसवलं आणि सोफा 'घर्रर्र' करत ढकलला. त्याच्या मते ती ट्रकची पुढची सीट होती. पुढच्या पंचवीस पोरांनीही तेच केलं. घरात एक परदेशी पद्धतीचं शौचकूपही होतं, पांढरंशुभ्र. पोरांनी ते उखळ ठरवून त्यात मिरच्या कुटल्या. बाईंनी तसलं शौचकूप बीडच्या लॉजमध्ये एकदाच बघितलं होतं. वापरलेलं तर नव्हतंच. त्या म्हणाल्या, "बरोबर. उखळच."

तिसऱ्या दिवशी सत्यभामा आली. नाव एवढं थोरलं आणि पोरगी चिपाडाएवढी. वय नऊ. धाकटा भाऊ सटवा सहाचा, पहिलीतला. दोघं आजोबांपाशी राहत. सत्यभामा सकाळी भाकरी थापून, सटवाच्या नाकाला पदर लावून (पदर नव्हता, फ्रॉकच होता, पण हावभाव पदराचा) शाळेत पहिल्या घंटेला हजर.

"आई-बाबा लांबच्या गावाला निघाले आहेत," बाईंनी सुरुवात केली. "पुढे काय होतं, ते मला दाखव आणि सांग."

सत्यभामानं आईबापाला सोफ्यावर बसवलं. मग लेकराची बाहुली उचलली, घराच्या मागच्या बाजूला नेली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली. आजीची बाहुली तिच्या पाठीशी लावली. सोफा निघून गेला. लेकरू वळलं नाही.

"मग?"

"मग काय न्हाई."

"आता आई-बाबा परत आले."

लेकराची बाहुली दारात आली. हात पुढे, ताठ. आई सोफ्यावरून उतरली. लेकरू जागचं हललं नाही.

बाईंनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'वियोगाच्या वेळी बाहुली पाठ फिरवून उभी. रडली नाही. पुनर्भेटीच्या वेळी दारात स्तब्ध. हात ताठ. आईकडे गेली नाही.' लिहिताना त्यांना वाईट वाटलं. पण मत घालायचं नव्हतं.

त्याच दिवशी शेवटी सायली आली. वय आठ, चुलत्याकडे राहणारी. तिनं सुरुवात पुरी होऊ दिली नाही. तिची बाहुली सोफ्यामागं धावली, पडली, उठली, पुन्हा धावली, "आई गं, मला ने गं" म्हणून रडली. आई परत आली तर तिच्या गळ्यालाच पडली, ती सुटायलाच तयार नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पेनाची शाई त्यानं पसरली. त्यांनी नवा कागद घेऊन पुन्हा लिहिलं.

तिसरी-चौथीच्या पोरांचे सव्वीस कागद पुण्याला गेले.

फेब्रुवारीत निकाल आला. पंधरा सुरक्षित, अकरा असुरक्षित. सायलीला पैकीच्या पैकी. अकरांत पहिलं नाव सत्यभामाचं.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो कागद कपाटात गेला असता. पण गावात बद्रीनाथ अण्णा होते. अण्णा म्हणजे शंभर एकरांचे धनी, दोन संस्थांचे अध्यक्ष आणि तिसऱ्या संस्थेच्या शोधात असलेले गृहस्थ. ती तिसरी त्यांना सापडली होती. बीडला त्यांनी मुलींचं बालसदन बांधलं. चाळीस लोखंडी खाटा, चाळीस गाद्या, भिंतीला गुलाबी रंग. उद्घाटनाला कुणीतरी मोठं माणूस येणार होतं. सगळं तयार होतं, मुली तेवढ्या नव्हत्या. अण्णा मनाचे वाईट नव्हते. त्यांना रिकामी खाट बघवत नसे, इतकंच. पुण्याचा निकाल कळताच त्यांनी जाहीर केलं, की घरात आधार नसलेल्या पोरींना आपण आधार देणार. अकरांत मुली सात होत्या. तालुक्याच्या शिक्षण समितीनं मान डोलावली. पालकांच्या संमतीचे अंगठे आणायचं काम, सगळ्या समित्यांच्या रिवाजाप्रमाणे, शिक्षिकेकडे आलं.

आणि बाई निघाल्याही. शाईचा डबा पिशवीत घालून, छत्री उघडून, निश्चयानं. पोरीचं भलं होत असेल तर आजोबाला पटवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सदतीस अर्ज करणाऱ्या बाईला एक आजोबा काय जड?

सत्यभामाचे आजोबा रामकिसन ओढ्यापलीकडच्या वस्तीत दाराशी सुंभ वळत बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात मिश्कीलपणा. सटवा त्यांच्या मांडीला टेकून सुंभाचं दुसरं टोक धरून होता.

"आजोबा, सत्यभामाला बीडला ठेवायचंय. चांगली खाट आहे, दोन वेळचं जेवण आहे."

"आन् सटवाला?"

"तिथं मुलीच ठेवतात."

आजोबांचे हात थांबले. "मंग ह्यो झोपंल कुनाजवळ? तिचा हात उशाला असल्याबिगर ह्यो डोळा मिटत न्हाई. का म्हनून न्यायलात तिला? काय केलं तिनं?"

बाईंनी समजावलं. परीक्षा घेतली, त्यात असं दिसलं की पोरीच्या मनात आईचा आधार कच्चा आहे. आई निघाली तर तिची बाहुली पाठ फिरवून उभी राहिली.

रामकिसननी सुंभ बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पाठ फिरवली? मंग काय टरकाकडं तोंड करायचं व्हतं का?"

"म्हणजे?"

"बाई, तुमी इतकी सालं हितं हायत, आन् तुमाला ठावं न्हाई? टरक निघताना लेकराचं रडतं तोंड टरकाला दिसू द्यायचं नसतं. दिसलं तर टरक घाटात अडतो. म्हनून कुनीतरी मायेचं मानूस लेकराला मारुतीच्या मागं नेतं, भिंतीकडं तोंड करून धरतं, तोंडात गुळाचा खडा घालतं. टरक ओढ्याच्या पार झाला की मंगच सोडायचं. मीच धरतो दोघांला. ही शानी हाय, हालत न्हाई. ह्यो बेनं वळवळ करतंय."

बेनं खूश होऊन हसलं.

"आणि परत आल्यावर? आई आली तरी ती जागची हलली नाही. हात असे ताठ."

"हातात भाकरी नसती व्हय? आन् पान्याचा तांब्या? भाकरतुकडा उतरून टाकल्याबिगर शिवायचं न्हाई. सा म्हैन्याची नजर, रानातलं काय काय संगं आलेलं असतंय. लेकरू भाकरी धरून दारात हुबं, मी ववाळून टाकतो, मंग शिवायचं. त्याच्या आदी हाललं तर मीच वरडतो. तुमच्या खेळात भाकरी व्हती का?"

नव्हती. सोफा होता, शौचकूप होतं, भाकरी नव्हती.

 चौदा वर्षांत बाईंनी ट्रक निघताना कधी बघितलेच नव्हते. दिवाळीची सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी त्या लातूरला माहेरी. शाळा उघडे तेव्हा वर्ग निम्मा झालेला असे. बाजारगल्लीतून ओढा दिसे, ओढ्यापलीकडचा मारुती दिसत नसे. आणि अकरा पोरांचा निकाल ज्याच्यावर लागला, ते मोत्यासारखं अक्षर त्यांचंच होतं.

"अंगठा कुठं द्यायचा?" रामकिसननी विचारलं.

"द्यायचा नाही," बाई म्हणाल्या, आणि शाईचा डबा बंद केला.

त्या तशाच दुकानात आल्या आणि काचेच्या खोलीत शिरून पुण्याचा नंबर फिरवू लागल्या. खोली काचेची असली तरी आवाज अडवण्याचा गुण तिच्यात नव्हता. दुकानातल्या पाच गिऱ्हाइकांनी साखर बांधून घ्यायचं थांबवलं.

"मॅडम, निकाल चुकलाय. चूक माझी आहे. पाठ फिरवणं म्हणजे दुरावा नाही, रीत आहे. आणि बाहुलीच्या हातात भाकरी होती. हो, भाकरी! नाही, दिसत नव्हती. पण होती!"

"बाई, जोरात बोला, पुनं लांब हाय," एक गिऱ्हाईक म्हणालं.

पलीकडून प्रणिता मॅडम म्हणाल्या, की एका आजोबांच्या सांगण्यावरून निकाल बदलता येत नाही. पण बुधवारी समितीची बैठक आहे, त्या स्वतः येतील. तोवर काही पुरावा मिळतो का बघा.

रेवणप्पांनी बायकोचा चेहरा बघितला. तो चेहरा त्यांनी एकोणचाळिसाव्या अर्जाच्या वेळी बघितला होता.  त्यांनी गूळ फोडला आणि पाण्याच्या तांब्यासोबत पुढे सरकवला.

बुधवारी शाळेच्या पटांगणात लिंबाखाली समितीसाठी खुर्च्या मांडल्या. प्रणिता मॅडम जीपमधून उतरल्या. बद्रीनाथ अण्णा आधीच मधल्या खुर्चीत होते, संगमरवरी कोनशिलेच्या मजकुराचा कागद खिशात घालून. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग सत्यभामाचा कागद उचलला.

"बाई, हे अक्षर कुनाचं?"

"माझं."

"सही?"

"माझीच."

"आन् आता फिरता?"

"फिरते," बाई म्हणाल्या. "चुकीच्या दिशेला निघालेल्या माणसानं नाही फिरायचं तर काय, तसंच हैदराबादपर्यंत जायचं?"

लिंबाखाली हसू फुटलं. अण्णाही हसले. पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही. "आजोबानं सांगितलं अन् तुमी मानलं. पोरगी पाठवायची नसली की मानूस काय बी रीत सांगंल."

हे खरं होतं. साक्षीदार असा हवा होता, ज्याचं ह्यात काही अडलेलं नाही आणि ज्याला आधी कुणी काही पढवलेलं नाही. बाईंनी नजर फिरवली. जीपच्या पुढच्या सीटवर, पाय खिडकीबाहेर काढून, संस्थेचा ड्रायव्हर बजरंग घोरत होता. चाळिशीचा गडी, मिशा वळलेल्या. जानेवारीत बाहुल्यांचं खोकं उतरवताना तो म्हणाला होता, की तो लिंबागणेशकडचा आणि त्याचं निम्मं बालपण आईबाप कोयता घेऊन गेल्यावर आजीपाशी गेलं. तो आणि रामकिसन ह्यांचं दोन तालुक्यांच्या अंतरानं काही नातंगोतं नव्हतं.

"बजरंग, इकडं या. जरा बाहुल्या खेळायच्या आहेत."

"आँ?" तो उठून बसला. "आवो बाई, माझी पोरगी लग्नाला आली!"

"हरकत नाही. बसा."

मॅडमनी होकार दिला, कारण त्या मुळात प्रामाणिक होत्या. त्यांनी गुणांचा तक्ता मांडीवर घेतला. बाईंनी सामानाच्या खोलीतून खोकं आणून बाहुल्या मांडल्या, आणि बजरंग मांडी घालून, मिशीला हात लावत, त्यांच्यापुढे बसला.

"आई-बाबा लांबच्या गावाला निघाले आहेत," बाई म्हणाल्या. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. "पुढे काय होतं, ते मला दाखवा आणि सांगा."

"काय दाखवायचं? निघाले तर निघाले." त्यानं आईबापाला सोफ्यावर ठेवलं. मग तो इकडंतिकडं बघू लागला. "मारुती कुठं हाय?"

"खेळात मारुती नाही."

"बिगर मारुतीचं कसं व्हईल?" त्यानं बाईंच्या खुर्चीवरचं फळ्याचं डस्टर घेतलं, उभं केलं. आजीची बाहुली उचलली, लेकराची उचलली. लेकराचं तोंड डस्टरला लावलं, आजी मागून चिकटवली. मग खोक्यात हात घालून काहीतरी हुडकू लागला.

"काय पाहिजे?"

"गूळ."

कुणी हसलं नाही. बजरंगचा आवाज बदलला होता. त्याचं अंगठ्याएवढं बोट आजीच्या बाहुलीच्या पाठीवर टेकलेलं होतं. "म्हातारी लई घट्ट धरायची. तिच्या लुगड्याला शेनाचा वास यायचा. मी म्हनायचो, गेला का? ती म्हनायची, अजून न्हाई. कव्हाचा गेलेला असायचा."

"आता आई-बाबा परत आले."

लेकरू दारात उभं राहिलं. हात पुढे, ताठ. "भाकरी धरलीया," बजरंगनं आपणहून सांगितलं. "हालायचं न्हाई. हाललं की म्हातारी कान उपटती."

मॅडम तक्त्यात खुणा करत होत्या. पाठ फिरवली, जवळ गेला नाही, स्तब्ध. बेरीज झाली. त्यांनी चष्मा काढला.

"काय निघालं?" अण्णांनी विचारलं.

"असुरक्षित," मॅडम म्हणाल्या. "सत्यभामापेक्षा दोन गुण कमीच."

"बजरंग," अण्णा गडगडले, "तुला बी एक खाट देऊ का बे?"

सगळं पटांगण हसलं, बजरंगही लाजून हसला. मॅडम हसल्या, पण त्यांनी तक्ता उलटा केला नाही. त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "बजरंग, आणि जे लेकरू ट्रकमागं धावतं, ते?"

"टरकामागं?" त्यानं बाहुल्या हळूच खोक्यात ठेवल्या. "त्याला धरायला कुनी नसंल, मॅडम. धरल्यालं लेकरू कसं धावंल?"

 बाईंना सव्वीसांतला एक कागद आठवला, दोनदा लिहिलेला. पैकीच्या पैकी.

त्यांनी कुणाला विचारलं नाही. सरळ वर्गात गेल्या आणि सायलीला बोलावून आणलं. सगळ्यांपुढे नाही, लिंबाच्या पलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ. मॅडम तेवढ्या बरोबर आल्या. बाहुल्या नव्हत्या. बाई उकिडव्या बसल्या.

"सायली, दिवाळीला टरक निघाला तेव्हा तुला कुणी धरलं होतं?"

सायलीनं विचार केला. प्रश्न परीक्षेतला असल्यासारखा नीट विचार केला.

"मीच धरलं व्हतं."

"कुणाला?"

"लाइटीच्या खांबाला."

मॅडमनी तोंड फिरवलं. बाईंनी फिरवलं नाही. त्या पोरीच्या केसांची सुटलेली रिबन पुन्हा बांधू लागल्या. ती एवढी घट्ट बांधली गेली की सायली "आई गं" म्हणाली.

सातही मुलींची नावं त्या दिवशीच यादीतून गेली. मॅडमनी स्वतः, सगळ्यांच्या देखत, लाल पेनानं निकालावर काट मारली आणि खाली लिहिलं, की चूक मुलांची नाही, आमच्या मोजण्याची. सव्वीस पोरांची पाहणी पुन्हा करायची ठरली, आणि ह्या खेपेला पहिला प्रश्न बाईंनी पाण्याच्या टाकीजवळ विचारलेला. बाहुल्यांच्या सामानात एक डस्टर, एक पत्र्याची भाकरी आणि गुळाचा खडा वाढवला. गूळ वारंवार वाढवावा लागला, कारण पोरं तो खरोखरच खात.

अण्णांनी जाता जाता शेवटचा प्रयत्न केला. "मंग ती सायली तरी द्या. तिला तर खरंच कुनी न्हाई. खाट रिकामी हाय."

"अण्णा," बाई म्हणाल्या, "खाटेला हात असतात का?"

अण्णांनी विचार केला. "हात न्हाईत," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "गज हायत."

संध्याकाळी बाई सायलीच्या चुलत्याच्या घरी गेल्या. चुलती वच्छलाबाई चुलीपुढे होती. कडेवर एक, पायाशी दोन, आणि एक म्हशीच्या पाठीवर. ती पोरीला उपाशी ठेवत नव्हती, मारत नव्हती.

"बाई, मला दोनच हात हायत," ती म्हणाली. "त्या दिवशी चारी पोरं भोकाड पसरत्यात, म्हस दावं तोडती. हिला कुटून धरू? आन् ही रडत बी न्हाई, म्हनून वाटलं, हिचं चाललंय."

बाईंना तिचा राग आला नाही. वर्गात चाळीस पोरं असली की न रडणारं पोर त्यांनाही दिसत नसे.

एप्रिलात ट्रक परतले. सायलीची आई कारखान्यावरून काळी ठिक्कर पडून आली. बाईंनी तिला शाळेत बोलावून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदर तोंडाशी धरला, आणि एवढंच विचारलं, "पुढल्या खेपंला तुमी धराल का?"

इथं खरी अडचण होती. पुढल्या खेपेला दिवाळी, दिवाळीला लातूर. चौदा वर्षांत न चुकलेलं माहेर.

"धरेन," बाई म्हणाल्या.

रेवणप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले. सासुरवाडीच्या शेंगापोळ्या त्यांच्या डोळ्यांपुढून एक एक करत निघून गेल्या. "पोरीला धरायला एक मानूस लागतं," ते म्हणाले. "मी लातूरला गेलो तर काय व्हतंय?"

"गूळ कोण आणणार?"

दिवाळीनंतरच्या सकाळी ओढ्यापलीकडे ट्रक उभा राहिला. त्यात भांडी चढली, सरपण चढलं, दोन शेळ्या आणि एक सायकल चढली, मग माणसं. सायलीच्या आईनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि ती मागं न बघता फाळक्यावर पाय देऊन वर गेली. मागं बघायचं नाही, ही रीत तिच्याही बाजूला होती.

मारुतीच्या मागच्या भिंतीशी तेव्हा आठ-दहा म्हातारी माणसं आपापली नातवंडं धरून पाठमोरी उभी होती. रामकिसननी एका हातानं सटवाची मान धरली होती. दुसरा हात सत्यभामाच्या पाठीवर नुसता ठेवलेला. कडेला रेवणप्पा गुळाची ढेप घेऊन उभे होते, केस ताजे काळे, आणि खडा फोडून प्रत्येकाच्या हातात देत होते. "उधार न्हाई, फुकट हाय, घ्या," असं त्यांनी सवयीनं सांगून टाकलं.

ट्रक सुरू झाला. बाईंच्या हाताखाली सायलीची मान वळली. बाईंनी ती परत फिरवली. पुन्हा वळली. सदतीस अर्जांच्या बाई त्या. त्यांनी छत्री टाकून दिली, पोरीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या पोटात दाबलं. पहिल्यांदा ती झगडली. दोन गुद्दे बाईंच्या बरगडीत बसले. मग ती रडू लागली. मोठ्यानं, आवाज काढून, नाक पातळाला पुसत. रडत नाही म्हणून जिचं चाललंय असं गावाला वाटायचं, ती रडत होती, आणि ट्रकाला ते दिसत नव्हतं.

फाळक्यांचा खडखडाट ओढ्यात उतरला, वर चढला, कमी झाला. पलीकडच्या वळणावर धूळ बसू लागली. बाकीच्या म्हाताऱ्यांनी आपापली पोरं सोडली. सटवा गुळासाठी रेवणप्पांभोवती फिरू लागला.

"बाई," पातळातून दबलेला आवाज आला. "गेला का टरक?"

बाईंनी वळून बघितलं. रस्ता रिकामा होता.

"न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "गूळ खा."